'व्हिस्टा' खरंच वाईट होती का? तक्रारींचा इतिहास लिहिताना

संगणकाच्या इतिहासावरच्या लेखांमध्ये एक विधान हमखास सापडतं : विंडोज व्हिस्टा लोकांना आवडली नाही. विधान चुकीचं नाही, पण संशोधनाच्या दृष्टीने अर्धवट आहे. कुठल्या लोकांना आवडली नाही? नेमकं काय आवडलं नाही, नवी वैशिष्ट्यं की ती आपल्या यंत्रावर चालतच नाहीत हे? आणि हे आपल्याला कळलं कशावरून? संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे तीन प्रश्न विचारायची सवय आत्ताच लावून घ्यावी, म्हणून आज हे उदाहरण घेऊ.

आधी पार्श्वभूमी

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आली. तिच्यानंतरची विंडोज, म्हणजे 'लाँगहॉर्न' या नावाने सुरू झालेलं काम, इतकं पसरलं की २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ते जवळपास नव्याने मांडावं लागलं. विनएफएस ही फाइली साठवण्याची नवी पद्धत तेव्हाच बाजूला पडली. शेवटी ३० जानेवारी २००७ ला व्हिस्टा सर्वसामान्य ग्राहकांच्या हाती आली. मधे पाच वर्षांहून जास्त काळ गेला होता. एवढ्या काळात लोकांना एक्सपीची सवय झाली होती, आणि प्रिंटर, स्कॅनर, साउंड कार्ड बनवणाऱ्यांनाही झाली होती.

आता ड्रायव्हर म्हणजे काय ते थोडक्यात. ऑपरेटिंग सिस्टीमला प्रत्येक उपकरणाची भाषा येत नाही. मधे दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. तो बहुतेक वेळा उपकरण बनवणारी कंपनी लिहिते. व्हिस्टाने चित्र आणि आवाज या दोन्हींची आतली रचना बदलली. ग्राफिक्ससाठी डब्ल्यूडीडीएम नावाचं नवं मॉडेल आलं. ६४ बिट आवृत्तीत तर सिस्टीमच्या गाभ्यात चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही सक्तीची झाली. परिणाम काय? काल नीट चालणारं उपकरण आज 'दिसेना'. त्यात उपकरणाचा दोष नव्हता, वापरणाऱ्याचा तर नव्हताच. दुभाष्या बदलायला हवा होता आणि तो वेळेवर आला नाही.

स्टिकरची गोष्ट

२००६ मध्ये व्हिस्टा बाजारात यायची होती, पण संगणक तर रोज विकले जात होते. ग्राहक थांबून राहू नयेत म्हणून नव्या यंत्रांवर 'विंडोज व्हिस्टा केपेबल' असं स्टिकर लावायचं ठरलं. त्यासाठी ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि ५१२ एमबी मेमरी पुरेशी होती. 'प्रीमियम रेडी' ही वेगळी, वरची पायरी होती. तिला १ गिगाहर्ट्झ, १ जीबी मेमरी आणि काचेसारख्या पारदर्शक खिडक्या दाखवणारं 'एरो' पेलेल असं ग्राफिक्स लागे. जाहिरातीत दिसायचं ते एरो. साधं स्टिकर असलेल्या अनेक यंत्रांवर मात्र व्हिस्टाची फक्त 'होम बेसिक' ही साधी आवृत्तीच धड चालू शकत होती.

यात कळीचा मुद्दा होता इंटेलच्या ९१५ चिपसेटचा. त्याच्या ग्राफिक्सला डब्ल्यूडीडीएम झेपत नव्हतं. आधीच्या अटीनुसार ही यंत्रं स्टिकरला अपात्र ठरली असती. २००६ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टने अट सैल केली. पुढे ग्राहक न्यायालयात गेले. सिएटलच्या संघीय न्यायालयातल्या या 'केली विरुद्ध मायक्रोसॉफ्ट' खटल्यामुळे कंपनीतले ईमेल २००८ मध्ये लोकांसमोर आले.

ईमेल काय सांगतात

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही मेजवानीच आहे. मायक्रोसॉफ्टचे एक अधिकारी जॉन कॉलकमन लिहितात की अट सैल केली ती इंटेलला तिमाहीचा हिशेब जमवता यावा म्हणून. चांगल्या ग्राफिक्सवर खर्च करून बसलेली एचपी त्यामुळे नाराज झाली. विंडोज विभागाचे उपाध्यक्ष माइक नॅश यांनी स्टिकर बघून सोनीचा लॅपटॉप घेतला होता. आपल्याकडे आता २१०० डॉलरचं, ईमेलपुरतं यंत्र उरलंय अशी त्यांची तक्रार आहे. कंपनीचे माजी अध्यक्ष आणि संचालक मंडळाचे सदस्य जॉन शर्ली यांना घरच्या उपकरणांसाठी ड्रायव्हर मिळत नव्हते.

स्टीव्हन सिनॉफ्स्की यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये दिलेली कारणमीमांसा तर प्रबंधात वापरावी अशी आहे. त्यांचं म्हणणं असं : एक, व्हिस्टा खरंच बाहेर पडेल यावर उपकरणवाल्यांचा विश्वासच नव्हता, म्हणून त्यांनी २००६ च्या अखेरीपर्यंत काम सुरू केलं नाही. दोन, चित्र आणि आवाजाची आतली रचनाच बदलली. तीन, सुरक्षेच्या नव्या नियमांमुळे एक्सपीचे अनेक ड्रायव्हर निकामी झाले. यातलं पहिलं कारण तांत्रिक नाहीच, ते विश्वासाचं आहे. लांबत गेलेल्या प्रकल्पाने स्वतःची पत घालवली आणि त्याची किंमत शेवटी प्रिंटर विकत घेतलेल्या माणसाने मोजली.

पण जरा थांबा. हे ईमेल आपल्यापर्यंत आले कसे? वादीच्या वकिलांनी निवडले म्हणून. ज्या हजारो ईमेलमध्ये सगळं ठीक चाललं होतं, ते कुणी न्यायालयात दाखल करणार नव्हतं. शिवाय उपाध्यक्षाची तक्रार थेट वर पोहोचते, सर्वसामान्य ग्राहकाची पोहोचत नाही. म्हणजे हे साधन अस्सल आहे, पण प्रातिनिधिक नाही. या दोन शब्दांतला फरक वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

खटल्याचा शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये न्यायाधीश मार्शा पेकमन यांनी त्याला सामूहिक दाव्याचा दर्जा दिला आणि वर्षभराने काढून घेतला. स्टिकरमुळे सगळ्याच यंत्रांच्या किमती चढल्या हे वादींना दाखवता आलं नाही. फसल्याची भावना खरी असणं आणि नुकसान सिद्ध होणं या वेगळ्या गोष्टी आहेत, इतिहासातही.

आकडे बोलतात, पण कशाबद्दल?

याच कागदपत्रांत २००७ मधल्या व्हिस्टाच्या क्रॅशची एक यादी आहे. नोंदलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे, सुमारे १८ टक्के मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कोडमुळे. लगेच 'दोषी सापडला' म्हणायचा मोह होतो. पण एनव्हिडियाची कार्डं किती यंत्रांत होती? जास्त यंत्रांत असतील तर क्रॅशही जास्त दिसणारच. छेद माहीत नसेल तर टक्केवारीवरून दोष ठरवता येत नाही.

दुसरं उदाहरण परवानगी मागणाऱ्या खिडकीचं, म्हणजे यूएसीचं. काहीही करायला गेलं की स्क्रीन काळवंडायची आणि विचारणा यायची. लोक वैतागले. एप्रिल २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच डेव्हिड क्रॉस यांनी जाहीर परिषदेत सांगितलं की लोकांना त्रास व्हावा हाच हेतू होता. कारण वैतागलेला ग्राहक सॉफ्टवेअर बनवणाऱ्याकडे जाईल आणि तो सुधारेल. कंपनीच्या आकड्यांनुसार अशी विचारणा करायला लावणारे प्रोग्रॅम आणि कामं वर्षभरात सुमारे ७ लाख ७५ हजारांवरून १ लाख ६८ हजारांवर आली. म्हणजे उपाय लागू पडला. पण मधल्या वर्षभरात ग्राहकाला निरोप्या म्हणून राबवलं गेलं, आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं.

मोहावी प्रयोग

२००८ च्या उन्हाळ्यात मायक्रोसॉफ्टने एक्सपी वापरणाऱ्यांना सॅन फ्रान्सिस्कोत बोलावलं आणि 'मोहावी' नावाची नवी विंडोज दाखवली. आधी व्हिस्टाला १० पैकी गुण विचारले, सरासरी आली ४.४. मोहावीला मिळाले ८.५. मग सांगितलं, ही व्हिस्टाच आहे!

यातून सिद्ध काय झालं? बदनामीचा परिणाम होतो, एवढं नक्की. पण लोकांनी ती स्वतः बसवली नव्हती, घरचा प्रिंटर जोडला नव्हता, आणि लॅपटॉपला २ जीबी मेमरी होती. थोडक्यात, ज्या गोष्टीवर लोक सर्वाधिक चिडले होते, तीच प्रयोगातून वगळली गेली. वैशिष्ट्यं आवडली आणि हार्डवेअरने दगा दिला, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

जे कुणी नोंदवलंच नाही

आपल्याकडचं एक उदाहरण. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय आहे. एक्सपीतही होती, पण ती सुरू करून घ्यावी लागे. कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन खूण करायची, बहुतेकदा सीडी घालायची, यंत्र पुन्हा सुरू करायचं. नाहीतर जोडाक्षरं फुटलेली, पहिली वेलांटी भलत्याच जागी. व्हिस्टात मराठी मजकूर वाचायला यातलं काहीच करावं लागत नव्हतं. मराठी वाचकासाठी ही एरोच्या काचेपेक्षा मोठी गोष्ट होती. पण 'आज वेलांटी नीट दिसली' अशी तक्रार कोण करणार? जे सुरळीत चालतं त्याची नोंद राहत नाही. म्हणून निव्वळ तक्रारींवरून लिहिलेला इतिहास नेहमी एका बाजूला कलतो.

मग निष्कर्ष काय?

ऑक्टोबर २००९ मध्ये विंडोज ७ आली आणि तिचं कौतुक झालं. तिचा पाया व्हिस्टाचाच होता. आतला आवृत्ती क्रमांक व्हिस्टाचा ६.०, हिचा ६.१. सुधारणा झाल्या होत्या, यूएसीही सौम्य झालं होतं. पण तोवर ड्रायव्हर तयार होते, मेमरी स्वस्त झाली होती, प्रोग्रॅम सुधारले होते. माझं मत असं की व्हिस्टावरच्या प्रतिक्रियेचा मोठा भाग संक्रमणाच्या किमतीबद्दल होता, आणि ती किमत आधी घेणाऱ्यांनी भरली. विंडोज ७ च्या ग्राहकांना तिचा फायदा मिळाला.

तुमचा विषय गिरणी कामगार असो, रेल्वेचे प्रवासी असोत की मोबाइल अ‍ॅप, 'लोकांची प्रतिक्रिया' हे शब्द लिहिण्याआधी प्रत्येक साधनाला चार गोष्टी विचारा. हे कुणी नोंदवलं? कशासाठी नोंदवलं? तक्रार वस्तूबद्दल आहे की ती वापरण्याच्या परिस्थितीबद्दल? आणि कोण गप्प आहे? चौथ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. प्रबंधाचं एखादं प्रकरण बहुतेकदा तिथेच सापडतं.