माजघरातली कादंबरी

मराठी घरात कादंबरी आली ती पोथीच्या वाटेने. श्रीधरस्वामी नाझरेकर यांचे ‘हरिविजय’ (१७०२), ‘रामविजय’ (१७०३), ‘पांडवप्रताप’ (१७१२) आणि ‘शिवलीलामृत’ (१७१८) हे ओवीबद्ध ग्रंथ अठराव्या शतकापासून गावोगावी वाचले जात होते. एकाने सुरावर ओव्या म्हणाव्यात, अवघड जागी थांबून अर्थ सांगावा आणि भोवती बसलेल्यांनी ऐकावे, अशी ही रीत होती. चातुर्मासात, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चार महिन्यांत, दुपारची जेवणे आटोपली की घरातल्या आणि शेजारपाजारच्या बायका पोथीला जमत. हाताने वाती वळता वळता किंवा तांदूळ निवडता निवडता ऐकणाऱ्या या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नसे, परंतु कथा कुठे थांबली होती हे त्यांना नेमके ठाऊक असे आणि पुढच्या अध्यायाची त्या वाट पाहत. कथेची अशी सामुदायिक वाट पाहण्याची सवय घरोघरी आधीच रुजलेली होती, म्हणूनच पुढे क्रमशः छापली जाणारी कादंबरी मराठी कुटुंबाला परकी वाटली नाही.

आरंभीच्या मराठी कादंबऱ्यांना मात्र या बैठकीत सहज जागा मिळाली नाही. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या पुस्तकात यमुना आणि तिचा पती विनायक प्रवासात भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या ऐकतात. विषय घरातला होता, तरी लेखक ख्रिस्ती झालेला असल्यामुळे हिंदू कुटुंबात त्या पुस्तकाकडे संशयाने पाहिले जाणे अपरिहार्य होते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि तिच्या धर्तीवरच्या अद्भुतरम्य कथा करमणुकीसाठी वाचल्या जात, पण अशा वाचनाने तरुण मुले बिघडतील काय, हा प्रश्न जाणत्यांना पडलाच. १८७२ मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांना ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहावासा वाटला, यावरून हा नवा वाङ्मयप्रकार तोवर चर्चेचा विषय झाला होता एवढे निश्चित दिसते.

दरम्यान सुशिक्षित घरांत आणखी एक बदल घडत होता, आणि कादंबरीच्या इतिहासात त्याला जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे अद्याप मिळालेले नाही. इंग्रजी शिकलेले तरुण नवरे आपल्या अल्पवयीन बायकांना वाचायला शिकवू लागले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी रमाबाईंना लग्नानंतर लगेच अक्षरे शिकवण्यास सुरुवात केली आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्या शिक्षणाला किती विरोध केला हे रमाबाईंच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकात आले आहे. पुढे याच रमाबाई पतीला वाचून दाखवू लागल्या. काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांनाही शाळा मिळाली नव्हती. पती गोविंद वासुदेव कानिटकर यांच्या इच्छेखातर त्या घरीच वाचायला शिकल्या आणि अखेर ‘रंगराव’ (१९०३) या कादंबरीच्या लेखिका झाल्या. या दांपत्याचा निकटचा स्नेही म्हणजे हरि नारायण आपटे (१८६४–१९१९). मराठीतल्या या पहिल्या थोर कादंबरीकाराला वाचणारी, मत देणारी आणि स्वतः लिहिणारी स्त्री मित्रपरिवारातच भेटली, आणि त्याच्या लेखनाला घरगुती बोलीचे जे वळण आहे त्याचा विचार या सहवासाला वगळून करता येत नाही.

आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. ज्या काळात ती येत होती तो काळ संमतिवयाच्या वादाचा होता. संमतिवय म्हणजे पती-पत्नीच्या शरीरसंबंधासाठी कायद्याने ठरवलेले मुलीचे किमान वय. १८९१ च्या कायद्याने ते दहावरून बारा वर्षे झाले आणि त्यावरून ‘केसरी’ व ‘सुधारक’ या पत्रांत आणि सभांतून पुरुषांनी आपापसात रणे माजवली. हा वाद ओसरीवर, म्हणजे घराच्या पुढच्या, पुरुषांच्या उठण्याबसण्याच्या भागात चालत असे. ज्यांच्याविषयी तो होता त्या मुली माजघरात, म्हणजे ओसरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बायकांच्या खोलीत होत्या. आपट्यांच्या कादंबरीने ही भिंत ओलांडली, कारण तिच्यात सुधारकाचे व्याख्यान नाही, यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत स्वतःच्या बोलण्यात सांगते. तिचा भाऊ, तिची सोशिक आई, नवऱ्याच्या जाचात पिचणारी मैत्रीण दुर्गी, सासरची माणसे आणि पतीसोबत मुंबईला मिळालेले थोडे सुखाचे दिवस, हे सारे ऐकणाऱ्या बाईला ओळखीचे होते. वाचण्यासाठी नवरा बायकोला उत्तेजन देतो हा प्रसंगही कथेतच असल्यामुळे, नवऱ्याने आणलेला अंक हाती घेतलेल्या बाईला आपलेच घर त्यात दिसले असेल.

पती वारल्यावर यमूचे केशवपन केले जाते, म्हणजे विधवेचे डोके सक्तीने भादरण्याच्या रूढीला तिला बळी पडावे लागते. हा भाग मोठ्याने वाचला जाताना काय होत असेल याचा विचार केला पाहिजे. त्या काळच्या ब्राह्मण एकत्र कुटुंबात एखादी आत्या, मावशी किंवा काकू लाल आलवणात, म्हणजे विधवेच्या रंगीत लुगड्यात, डोक्यावरचा पदर सारखा करत कोपऱ्यात बसलेली असणे ही अपवादाची गोष्ट नव्हती. वाचणारा पुतण्या असो की भाचा, त्याला तो मजकूर तिच्यासमोर उच्चारावा लागे. एकान्तात वाचलेले पान मिटून ठेवता येते; चारचौघांत वाचताना मात्र थांबले तरी सगळ्यांना कळते आणि पुढे गेले तरी कळते. या कादंबरीने समाजात जी हळहळ उत्पन्न केली तिचे बळ पुष्कळसे या बैठकीत असले पाहिजे. मराठीतल्या कोणत्याही प्रबंधाला किंवा भाषणाला जे साधले नाही ते तिने साधले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

अर्थात हे जग लहान होते. १९०१ च्या जनगणनेत देशातल्या दर हजार स्त्रियांत साक्षर स्त्रिया अवघ्या सहा होत्या, आणि ‘करमणूक’ घेणारी कुटुंबे मुख्यतः पांढरपेशी होती. शेतकरी आणि कारागीर घरांत पोथीच ऐकली जात राहिली.

ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये स्थापन झाले. अशा संस्थांमुळे विकत न घेताही कादंबरी घरी येऊ लागली, आणि एका वर्गणीवर आणलेले पुस्तक घरातली चार-पाच माणसे परत करण्याच्या तारखेआत वाचून काढू लागली. साने गुरुजींनी जिचा बहुतेक भाग नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत लिहिला ती ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची प्रकरणे ‘रात्र’ या नावाने आहेत आणि अशा बेचाळीस रात्री श्याम आश्रमातल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो, त्यामुळे रोज एक रात्र वाचावी ही योजना रचनेतच आहे. शाळेत गेलेल्या पहिल्या पिढीच्या हातून हे पुस्तक अशाही घरांत गेले जिथे आधी कादंबरी पोहोचली नव्हती, आणि तिथे वाचणारे मूल होते व ऐकणारे आईवडील.

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९), रणजित देसाईंची ‘स्वामी’ (१९६२) आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) या कादंबऱ्या आल्या तोवर मध्यमवर्गीय घरातल्या स्त्रिया शिकलेल्या होत्या आणि ज्याने त्याने आपापले वाचावे अशी रीत पडली होती. ‘मृत्युंजय’मधल्या कर्णाची बाजू घेणारा मुलगा आणि ती न पटणारे वडील जेवताना वाद घालत, परंतु पाने दोघांनी वेगवेगळ्या वेळी उलटलेली असत. यात सुनेला एक मोकळीक मिळाली: काय वाचावे हे वडीलधाऱ्यांनी ठरवण्याचे कारण उरले नाही, आणि दुपारी मिळालेला निवांत तास तिचा एकटीचा झाला. मात्र अक्षर न येणारी वृद्ध आजी याच काळात कथेपासून तुटली, आणि पुढे नभोवाणीवरच्या श्रुतिका हा तिला उरलेला आधार होता.