८८३ साइट, २३ मिनिटं

(वेळा जागतिक प्रमाणवेळेनुसार. भारताचं घड्याळ साडेपाच तास पुढे.)

एप्रिल २०२२च्या आधी. मूळच्या सिडनीच्या ॲटलासियन कंपनीला थोडी सफाई करायची आहे. ‘इनसाइट’ हे स्वतंत्र ॲप आता तिच्या जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्येच सामावलं आहे. ग्राहकांच्या साइटवर उरलेलं जुनं ॲप काढायचं. त्यासाठी स्क्रिप्ट आहे, पद्धतही ठरलेली आहे.

यादी. ॲप काढायला सांगणारी टीम एक, स्क्रिप्ट चालवणारी दुसरी. यादीत ॲपचे आयडी हवे होते. दिले गेले ते ग्राहकांच्या अख्ख्या साइटचे.

एपीआय. पुसण्याचं काम करणारं एपीआय दोन्ही आयडी घेतं. ॲपचा दिला तर ॲप पुसतं, साइटचा दिला तर साइट. नक्की काय पुसायचं आहे, असं ते विचारत नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे. असंच काम आज एआय एजंटकडे दिलं जातं आणि एजंटला साधन कळतं ते त्याच्या लेखी वर्णनातून: नाव, दोन-चार ओळी, कोणती माहिती द्यायची त्याची यादी. शंका आली तर पलीकडच्या टीमला गाठून विचारायची सोय त्याला बहुधा नसते. त्यामुळे चुकीचा आयडी दिला तर काय जाईल आणि गेलेलं परत येईल का, हे वर्णनाच्या पहिल्या ओळीतच लिहिलेलं असलं पाहिजे.

तपासणी. सहकारी स्क्रिप्ट वाचतात. कोणतं एपीआय बोलावलं आहे, कसं बोलावलं आहे, ते पाहतात. आयडी कशाचे आहेत, हे कोणी ताडून पाहत नाही.

स्टेजिंग. चाचणी पार पडते. यादीतले आयडी चाचणीच्या यंत्रणेत अस्तित्वातच नाहीत, त्यामुळे चूक दिसायला जागाच नाही.

पहिली फेरी. खऱ्या यंत्रणेवर ३० साइट. फक्त ॲप जातं, बाकी सगळं जागेवर. हे ३० आयडी गोंधळाच्या आधी घेतलेले, म्हणून बरोबर. फेरी यशस्वी ठरते.

५ एप्रिल, ७:३८. दुसरी फेरी. यादीत ८८३ साइट, ७७५ ग्राहकांच्या. स्क्रिप्ट क्रमाने एकेक घेते. पहिली साइट याच मिनिटाला जाते.

७:४६. एका ग्राहकाची तक्रार येते. स्क्रिप्ट अजून चालू आहे. देखरेखीच्या यंत्रणा गप्प आहेत, कारण साइट पुसल्या जात आहेत त्या नेहमीच्या, अधिकृत मार्गाने.

८:०१. शेवटची साइट जाते. स्क्रिप्ट काम पूर्ण करून थांबते. पहिल्या तक्रारीला १५ मिनिटं झाली आहेत.

८:१७. मोठ्या बिघाडासाठीची प्रक्रिया सुरू होते.

८:२४. बिघाड ‘गंभीर’ ठरतो.

८:५३. ग्राहकाची तक्रार आणि स्क्रिप्ट यांचा संबंध पक्का होतो. शेवटची साइट जाऊन ५२ मिनिटं झालेली.

१२:३८. बिघाड सर्वोच्च पातळीवर नेला जातो. बॅकअप आहेत, पण बाकीच्या ग्राहकांना धक्का न लावता इतक्या साइट एकत्र परत आणण्याची स्वयंचलित सोय नाही. तक्रार नोंदवायला साइटचा वैध पत्ता लागतो, तो पुसला गेला आहे. ग्राहकांशी संपर्काचे तपशीलही साइटबरोबरच गेले आहेत. कोणाला कळवायचं, याचा शोध कंपनीला आधी घ्यावा लागतो.

८ एप्रिल. पहिले काही ग्राहक परत येतात. साइट परत आणण्याच्या या पद्धतीत सुमारे ७० पायऱ्या, लागणारा वेळ ४८ तास.

१४ एप्रिल. आतापर्यंत ११२ साइट परत. उरलेल्या ७७१ नव्या पद्धतीने: तिशीच्या वर पायऱ्या, १२ तास.

१८ एप्रिल. सगळ्या साइट परत. यापुढे सर्व यंत्रणांत ‘सॉफ्ट डिलीट’, म्हणजे पुसलेलं मागे घेता येईल अशी सोय करू, असं कंपनी नंतर आपल्या अहवालात लिहिते.

२६ मार्च २०२५. एआय मॉडेलना साधनं जोडून देणाऱ्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलची नवी आवृत्ती. साधनावर आता ‘विध्वंसक’ अशी खूण करता येते. खुणा केल्याच नाहीत, तर साधन विध्वंसक असू शकतं असं धरलं जातं. पण ही केवळ सूचना आहे. कोणता आयडी घ्यायचा आणि कोणता नाकारायचा, ते साधन लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं.