काठीच्या होळीतले बुध्या

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगांत काठी हे गाव आहे. इंग्रजी अमलात खानदेशात भिल्ल सरदारांची जी मेहवासी संस्थाने होती, त्यांतले हे एक. संस्थान गेले, त्याची राजवाडी होळी मात्र राहिली. परंपरेनुसार ती १२४६ पासून चालत आली आहे. या होळीतले जवळजवळ प्रत्येक काम माणसाच्या अंगबळावर होते, आणि शरीर कसे हलते हे समजून घ्यायला याहून चांगली जागा सापडणे कठीण.

होळीचा दांडा म्हणजे सुमारे ७० फुटांचा बांबू. तो जंगलातून खांद्यावर आणतात आणि त्याचा खड्डा रिवाजाप्रमाणे हातांनीच उकरतात. दांडा आडवा असतो तेव्हा उचलायला सर्वांत जड जातो, कारण त्याचा भार बुंध्यापासून दूर पसरलेला असतो. जसजसा तो उभा होतो तसतसा हलका वाटतो. हाताचेही असेच आहे. दंडाचा स्नायू कोपराच्या अगदी जवळ हाडाला जोडलेला असल्याने तळहातावरच्या ओझ्याच्या कित्येक पट ताण त्याला सोसावा लागतो. हा हिशेब इटलीचा शास्त्रज्ञ बोरेल्ली याने मांडला. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० मध्ये निघाला. या महागड्या सौद्यातून मिळतो तो वेग: स्नायू थोडासा आखडला तरी हात लांबवर फिरतो. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून दंडाच्या पुढचा स्नायू हात वाकवतो आणि मागचा तो सरळ करतो.

होळीचे खरे मानकरी नाचणारे नवसकरी. त्यांना बावा किंवा बुध्या म्हणतात. होळीच्या आधीपासून ते ‘पालनी’ पाळतात: खाटेवर झोपायचे नाही, ब्रह्मचर्य मोडायचे नाही. अंगावर राखेचे आणि पिठाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांनी सजवलेला बांबूचा उंच टोप, कमरेला घुंगरू आणि वाळलेल्या भोपळ्यांची माळ.

ही माळ हाताने कोणी वाजवत नाही, ती कंबर वाजवते. पोटाचे स्नायू आखडले की ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा एका बाजूला कलतो, पाठीचे आखडले की दुसऱ्या बाजूला. कमरेचे पाच मणके आणि त्यांच्यामधल्या चकत्या हा झोका झेलतात. खाली खुब्याचा सांधा असतो. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांतला एक ‘उलूखल’, म्हणजे उखळासारखा, आणि खुबा त्याच प्रकारात येतो. मांडीच्या हाडाचे गोल डोके खोबणीत बसलेले असल्याने पाय सगळीकडे फिरतो. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा उघडतो-मिटतो. हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा आणि सांध्यातला बुळबुळीत द्रव घर्षण कमी ठेवतात.

ढोलाच्या प्रत्येक ठेक्याला पाय जमिनीवर आपटतो. एका पावलात २६ हाडे असतात. त्यांची कमान दबते आणि पुन्हा उसळते. टाचेमागची जाड शीर, जी पोटरीला टाचेच्या हाडाशी बांधते, तीही ताणली जाऊन पुढच्या उडीला थोडी शक्ती परत देते. उंच टोप तोलायला मानेचे स्नायू सतत बारीक दुरुस्त्या करत असतात. डोळ्यांकडून आणि आतल्या कानाकडून मिळालेली खबर मेंदू त्यांना पुरवतो. नाचणाऱ्याला याचा पत्ताही नसतो. त्याचे ध्यान ढोलावर असते.

याच डोंगरांत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि तो या नाचाच्या मुळावरच येतो. आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्या अडवतात. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा आधीच तुटपुंजा. तो थांबला की तिथले हाड मरते. भर तारुण्यात खुबा दुखू लागतो, चाल लंगडी होते. ज्यांना हा आजार आहे त्यांना थंडी, तहान आणि अतिश्रम घातक ठरतात, आणि होळीच्या रात्री तिन्ही एकत्र येऊ शकतात. शाळांत आणि आरोग्य केंद्रांत होणारी रक्ततपासणी म्हणूनच मोलाची आहे.

पहाटे होळी पेटते, पण नाच थांबत नाही. बुध्यांचे जथे पुढच्या गावांच्या होळीला डोंगरवाटांनी चालत जातात. चढावर मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीर वर उचलतो. उतारावर तोच स्नायू ताणत-ताणत वेग आवरतो, म्हणून दुसऱ्या दिवशी दुखते ते बहुधा उतारामुळे. पालनी सुटेपर्यंत घुंगरांची माळ कमरेवरच असते.