तरंग बदलतो, आकडे राहतात

मुळशीच्या जलाशयात दगड टाकला तर काय होतं? वर्तुळं उठतात, पसरतात आणि विरतात. पण १८३४ साली एडिनबरोजवळच्या युनियन कालव्यात वेगळंच घडलं. घोड्यांनी ओढलेली नाव एकाएकी थांबली आणि तिच्यापुढचा पाण्याचा उंचवटा एकटाच पुढे निघाला. जॉन स्कॉट रसेल हे अभियंते घोड्यावरून मैल-दोन मैल त्याच्यामागे गेले.

या तरंगाचं समीकरण कोर्टवेग आणि द फ्रीस या डच गणितज्ञांनी १८९५ मध्ये मांडलं. ते अरेषीय अवकल समीकरण आहे. म्हणजे काय, तर दोन उत्तरांची बेरीज केली की तिसरं उत्तर मिळतं, ही सोय इथे नाही. तरीही १९६५ मध्ये झाबुस्की आणि क्रुस्कल यांनी संगणकावर पाहिलं, की असे तरंग एकमेकांतून पार होतात आणि आपापला आकार, वेग घेऊन बाहेर पडतात. हे कसं?

उत्तर १९६७ मध्ये गार्डनर, ग्रीन, क्रुस्कल आणि मिउरा यांनी दिलं. तरंगाचा आकार उलटा करा. त्याला खळगा माना. त्यात पुंजयामिकीतला कण ठेवून श्रोडिंगरचं समीकरण सोडवा. खळग्यात अडकलेल्या कणाला ठरावीकच ऊर्जा घेता येतात. तीच आयगेन मूल्यं. आता गंमत बघा. तरंग क्षणोक्षणी बदलतो, पण हे आकडे बदलत नाहीत! एकेका पातळीमागे एक एकाकी तरंग. पातळी जितकी खोल, तितका तो उंच आणि वेगवान.

हा पूल बांधला गेला तो मिउरांच्या रूपांतरामुळे: एका फलाचा वर्ग आणि त्याच फलाचा बदलाचा दर यांची बेरीज. अठराव्या शतकातल्या रिकाटींच्या समीकरणाचंच हे रूप. पुढे १९८१ मध्ये विटेन यांच्या अतिसममित पुंजयामिकीत तेच रूप पुन्हा आलं, आणि १९८३ मध्ये गेंडेन्श्टाइन यांनी दाखवलं, की त्याच्या आधारे काही खळग्यांची आयगेन मूल्यं नुसत्या बीजगणिताने काढता येतात. या विषयाचा जगभर वापरला जाणारा आढावा १९९५ मध्ये 'फिजिक्स रिपोर्ट्स'मध्ये आला. लेखक: फ्रेड कूपर, अविनाश खरे आणि उदय सुखात्मे. खरे तेव्हा भुवनेश्वरच्या भौतिकी संस्थेत होते; पुढे ते पुण्यात आले.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. 'बदलात न बदलणारं' म्हटलं की आमचे कान टवकारतात आणि कुणीतरी लगेच वेदान्ताचा पुरावा सापडला म्हणतं. तसं म्हणू नये. कालव्याच्या पाण्यात तो कण कुठेच नाही. तो आपण हिशेबासाठी मानला. पाणी आणि अणू यांच्यात समान आहे ते द्रव्य नव्हे, समीकरणाचं रूप. टिकतो तो संबंध. एवढं नेमकं बोलता आलं, तर तत्त्वज्ञानाचंही काही बिघडत नाही, उलट त्याचा पाया पक्का होतो.