‘बॉम्बे मेरी जान’मधला बेघर माणूस

आज एका जुन्या हिट गाण्याची गोष्ट. ‘ये है बॉम्बे मेरी जान’ तुम्ही कुठे ना कुठे ऐकलंच असेल. सिनेमा ‘सी.आय.डी.’, साल १९५६. गीतकार मजरूह सुलतानपुरी, संगीत ओ. पी. नय्यर, आवाज मोहम्मद रफी आणि गीता दत्त यांचे. चाल एवढी मस्तीभरी, त्यात पडद्यावर जॉनी वॉकर. म्हणून आपण त्याला मुंबईचं प्रेमगीत समजतो.

पण शब्द ऐका बरं का. रफीच्या कडव्यांत तक्रारी आहेत. त्यात बेघर माणूसही येतो: डोक्यावर छप्पर नाही, म्हणून लोक त्याला उनाड ठरवून मोकळे होतात. शेवटी गीता दत्त उलट सुनावते. तिचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर, करावं तसं भरावं. म्हणजे गाण्यात एक वाद आहे. माणूस रस्त्यावर येतो तो शहरामुळे, की स्वतःच्या करणीने?

सरकारने कुठली बाजू घेतली? तीनच वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदा केला. महाराष्ट्र तेव्हा व्हायचा होता आणि आपला पालघर ठाणे जिल्ह्यात होता. या कायद्यात भीक मागण्याची व्याख्या वाचा. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत फिरतोय की भिकेवर जगत असावा असं वाटतं, तर तोही भिकारी! हात पसरलाच पाहिजे असं नाही. पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृह. गाण्यातली तक्रार अशी कायद्यात उतरली.

पुढे १९८१ च्या पावसाळ्यात मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईतल्या फूटपाथवासीयांना हटवून गावी पाठवायची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतर कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. सरन्यायाधीश होते आपल्या पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. कोर्ट म्हणालं, ही माणसं फूटपाथवर राहतात कारण काम जवळ आहे. जागा काढली तर रोजगार जातो, आणि जगण्याच्या हक्कात उपजीविका येते. मात्र फूटपाथवर राहायचा हक्क दिला नाही. नोटीस द्या, पावसाळा संपू द्या, मग हटवा, असं ठरलं.

२०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टाने याच कायद्याची भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. पण फक्त दिल्लीपुरती.

आता आपल्या कुंभवलीत या. शेजारी तारापूर एमआयडीसी. कामगार एका खोलीत शिफ्टप्रमाणे आळीपाळीने झोपतात. खोली ठेकेदाराची असेल तर काम सुटलं की खोलीही सुटते. काल ज्याच्या हातात डबा होता, तो आज बोईसर स्टेशनवर पिशवी उशाला घेऊन पडलेला दिसू शकतो. मधे एकच रात्र गेलेली असते. मी त्याला काय म्हणतो, तुम्ही काय म्हणता, यावर तो वाद अजून चालू आहे. मला विचाराल तर मी रफीच्या बाजूने.

गाणं पुन्हा ऐका आणि तुमची बाजू कळवा. भेटू पुढच्या एपिसोडला.