फिरून फिरून तोच क्षण

गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने मला एक चमत्कार दाखविला. आमच्या घरच्या एका जुन्या व्हिडिओ-फितीत माझी आई चकल्या तळताना दिसते. ती फीत कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली होती. त्यातले तीन सेकंद त्याने उचलले आणि त्यांची 'जिफ' केली. आई झारा उचलते, मान वर करते, हसते. पुन्हा झारा उचलते, पुन्हा हसते. आई जाऊन बारा वर्षे झाली. मी ते किती वेळ पाहत बसलो, कोण जाणे!

"आजोबा, आता ती मोठी फाइल पुसून टाकू का? जागा फार खाते," नातू म्हणाला.

मी म्हटले, "थांब जरा." आणि या फिरत्या चित्राचे कूळ शोधू लागलो.

ते सिनेमाहूनही जुने निघाले. १८३२ साली बेल्जियमच्या जोझेफ प्लॅटो या शास्त्रज्ञाने एक चकती केली. तिच्यावर वर्तुळात नर्तकाची सोळा चित्रे, आणि अधूनमधून फटी. आरशासमोर चकती फिरवून फटींतून पाहिले, की नर्तक गिरकी घेऊ लागे. त्या गिरकीला ना आरंभ, ना शेवट! दैवाची थट्टा अशी, की जगाला हलते चित्र दाखविणारा हा माणूस १८४३ पर्यंत पुरता आंधळा झाला आणि पुढे चाळीस वर्षे तसाच जगला.

प्लॅटोंची चित्रे हाताने काढलेली. खऱ्या घोड्याची धाव टिपली ती एडवर्ड मायब्रिज यांनी, १८७८ च्या जूनमध्ये, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे. बारा कॅमेरे ओळीने मांडलेले. घोडा धावे तसे वाटेतले दोरे तुटत आणि एकेक कॅमेरा आपोआप छायाचित्र घेई. पुढच्याच वर्षी ती चित्रे काचेच्या चकतीवर रंगवून त्यांनी पडद्यावर दाखविली. घडलेल्या प्रसंगातून मोजकी चित्रे घ्यायची आणि गोल फिरवायची! माझ्या नातवाने तरी दुसरे काय केले होते?

'जिफ' हा प्रकार अमेरिकेतील कॉम्प्युसर्व्ह कंपनीत स्टीव्ह विल्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली तयार केला. हेतू एवढाच, की रंगीत चित्रे टेलिफोनच्या मंद तारांवरून लवकर जावीत. म्हणून एका चित्रात रंग फार तर २५६. प्रत्येक चित्र किती शतांश सेकंद थांबावे, हे नोंदण्याची सोय १९८९ साली झाली. ती माळ अखंड फिरविण्याची युक्ती १९९५ साली नेटस्केपने काढली. आमच्या फितीत सेकंदाला पंचवीस चित्रे. नातवाने त्यांतली दहाच ठेवली. रंग कमी केले. आणि आवाज? जिफमध्ये आवाजाला जागाच नाही.

येथे मी थबकलो. मायब्रिजचा घोडा जन्मभर धावतो, पण मुक्कामाला पोचत नाही. माझी आई हसते, पण कशाला हसते, ते तिथे नाही. मूळ फितीत हसण्याआधी ती म्हणते, "अरे, माझे काय चित्र काढतोस? आधी चकली खा!"

"बाळ," मी म्हटले, "जिफ ठेव, पण ती फाइल पुसू नकोस. एकदा आवाजासकट लाव बघू."

त्याने लावली. भाऊबिजेला आलेली माझी बहीण पिठाच्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आली.