विनोदाच्या आडून: 'मिस्टर अँड मिसेस ५५'

विवाहासारख्या गंभीर विषयावर हंसावें कीं न हंसावें, हा वाद जुना आहे. आमच्या मतें हंसण्यांत कांहींच गैर नाहीं. मात्र आपण हंसलों तें कोणास, हें मागाहून तरी पाहावें. गुरुदत्त यांचा १९५५ सालचा 'मिस्टर अँड मिसेस ५५' हा हिंदी बोलपट या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे.

त्याचें कथानक अनेक वाचकांस ठाऊक असेल. श्रीमंत घरच्या अनितेस वडिलांची संपत्ति मिळावयाची ती ठराविक मुदतींत लग्न केलें तरच, अशी मृत्युपत्रांत अट. तिची पालक सीतादेवी ही स्त्रीस्वातंत्र्याची कडवी पुरस्कर्ती. ती प्रीतम नांवाच्या एका बेकार व्यंगचित्रकारास पैसे देऊन नांवापुरता नवरा उभा करते. बेत असा कीं, आज लग्न लावावें व लगोलग घटस्फोट घ्यावा. पण हें लटकें नातें हळूहळू खरें होतें, आणि प्रीतम प्रेमापोटींच, अनिता मोकळी व्हावी म्हणून, स्वतःविरुद्ध खोटा पुरावा पुरवितो. अबरार अल्वींचे चटकदार संवाद, ओ. पी. नय्यर यांचें संगीत, मधुबालेचा खेळकर अभिनय आणि आर. के. लक्ष्मण यांच्या हातचीं व्यंगचित्रें यांमुळें हा बोलपट आजहि शिळा वाटत नाहीं.

परंतु त्यांतील हास्याचा रोख पाहा. घटस्फोटाची बाजू मांडण्याचें काम सीतादेवीकडे दिलें आहे, आणि ललिता पवारांनीं ती इतकी करारी व हेकट रंगविली आहे कीं, तिच्या तोंडचा मुद्दा प्रेक्षकांस आपोआप खोटा वाटावा. उलटपक्षीं प्रीतमची वहिनी चूल-मुलांतच सुखी आहे. नवऱ्याच्या मारहाणीचा प्रश्नहि ती हंसण्यावारी नेते, आणि अनितेनें धडा घ्यावा तो तिच्यापासून!

हा विनोद झाला कोणत्या काळीं? हिंदु कायद्याच्या सुधारणेसाठीं बी. एन. राव यांची समिति १९४१ सालीं नेमली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं कायदेमंत्री या नात्यानें हिंदु कोड बिल नेटानें पुढें रेटलें, व तें रखडल्यावर १९५१ च्या सप्टेंबरांत राजीनामा दिला. अखेर १८ मे १९५५ रोजीं हिंदु विवाह कायदा आला. बडोदें संस्थानांत १९३१ सालीं आणि मुंबई प्रांतांत १९४७ सालीं घटस्फोटाचे कायदे झालेच होते. आतां तो हक्क देशाच्या बहुतेक भागांत पोंचला. मौज अशी कीं, अपवादात्मक प्रसंग वगळतां विवाहानंतर ३ वर्षें लोटल्यावांचून घटस्फोटाचा अर्जच करतां येऊं नये, असें या कायद्याचें १४ वें कलम होतें. ही मुदत १ वर्षावर आली ती १९७६ सालीं, आणि परस्परसंमतीचा घटस्फोटहि त्याच वर्षीं आला. म्हणजे सीतादेवीचा बेत नव्या कायद्यापुढें टिकणाराच नव्हता. ज्या सवंग घटस्फोटाचें भय चित्रपटानें दाखविलें, तो कायद्यांत कोठेंच नव्हता.

आतां १८ वर्षें मागें जाऊं. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू' (१९३७) या प्रभातच्या बोलपटांत फसवून जरठाशीं लग्न लावून दिलेली नीरा त्यास पति मानण्याचें नाकारते. शेवटीं म्हाताऱ्यास पश्चात्ताप होतो आणि तो आत्महत्या करतो. अनेक जातींत रूढीनें काडीमोड होत असे. पांढरपेशा घरांत मात्र तीहि वाट नव्हती. नीरेस मोकळें करण्यासाठीं नवऱ्यास मरावें लागलें! त्याच प्रभातमध्यें १९४४ सालीं गुरुदत्तांनीं उमेदवारी आरंभिली होती, हें येथें आठवतें.

हे दोन बोलपट एकापाठोपाठ पाहिले म्हणजे मनांत एक प्रश्न राहतो. अनितेस घटस्फोटाची गरज नव्हती, कारण तिचा नवरा उमदा होता. पण कायदा करावयाचा तो उमद्या नवऱ्यांच्या बायकांसाठीं नव्हे. तो नीरेसाठीं, आणि त्या वहिनीच्या हंसण्यामागें दडलेल्या उत्तरासाठीं. गुरुदत्तांचा बोलपट आम्हांस आवडतो, व सहकुटुंब पाहावा असेंच आम्ही सांगूं. मात्र वहिनीचा तो प्रसंग आला कीं, घरांतील स्त्रिया हंसतात कीं नाहीं, इकडेहि पुरुषांनीं जरा लक्ष द्यावें.